तुझे लाल नारळ आणि ओहोटीचं पाणी

मर्सी,

काल चर्चमध्ये तुझी महिन्याची मिस्सा झाली. नंतर वाडीतल्या मांडवात दोन-चार जणांनी बोलायचं ठरलं. तुझ्या कॉलेजचे प्राचार्य बोलले, फादर बोलले, मग कोणीतरी मलाही पुढे ढकललं. ‘मराठीच्या बाई आहेत, बोलतील छान.’ मी उठले आणि दोन वाक्यं कशीबशी बोलून खाली बसले. समासांवर तासभर बोलणारी मी! पण माझ्याआधी जो जो उठला तो म्हणाला, मर्सी टीचर अभ्यासू होत्या, प्रेमळ होत्या, शिस्तीच्या होत्या. होत्या, होत्या, होत्या. मागे चहा आणि वाळवलेली सुकेळी वाटायला सुरुवात झाली होती, आणि त्या दर ‘होत्या’ला एकेक माणूस हळूच खुर्ची सरकवून मागे जात होता. मला तुझं ते वाक्य आठवलं आणि माझं तिसरं वाक्य तसंच राहिलं.

‘होते’ वाचून कोण थांबतं गं, सुनंदा?

कुठे म्हणाली होतीस, का म्हणाली होतीस, तुला सगळं ठाऊक आहे. तरी मी ते परत सांगणार आहे. आपलं भांडण अर्धं राहिलंय आणि तू मधूनच उठून गेलीस. हे तुला शोभत नाही, एवढंच आत्ता म्हणते.

आपली ओळखसुद्धा भांडणातूनच झाली. आमच्या माणिकपूरच्या शाळेची सहल तुमच्या गावच्या किनाऱ्यावर आली होती. पोरं सुरूच्या बागेत जेवली, पाण्यात मनसोक्त डुंबली, धर्माकाकाच्या टपरीवर भेळ खाऊन घरी गेली. पुढच्या आठवड्यात निम्मा वर्ग जुलाबांनी आडवा. दोघांना नंतर कावीळ निघाली. पालक शाळेत येऊन माझ्या नावाने शंख करायला लागले आणि मी तडक येऊन धर्माकाकाच्या नावाने शंख केला. तुझी चटणी अशी, तुझं पाणी तसं, तुझ्यावर केसच करते! तो बिचारा डोक्यावरचं फडकं काढून नुसता उभा. तेवढ्यात समुद्रातून एक बाई आली. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात ब्राउन पेपरात गुंडाळलेली काचेची बाटली.

‘ओरडू नका बाई,’ तू म्हणालीस. ‘चटणीत नाही ते. पाण्यात आहे.’

मला आधी वाटलं ही भेळवाल्याची नातेवाईक असावी. मग तू सांगितलंस की तू कॉलेजात जीवाणूशास्त्र शिकवतेस, याच गावची आहेस, आणि फावल्या वेळात तुझ्याच समुद्राचं पाणी तपासतेस. का तपासता, मी विचारलं. ‘कोणी तपासत नाही म्हणून,’ तू म्हणालीस, आणि बाटली मासळीच्या बर्फाने भरलेल्या थर्माकोलच्या खोक्यात ठेवलीस. ते खोकं लुनाच्या मागे बांधलंस. पुढच्या रविवारी मी परत आले ती धर्माकाकाची माफी मागायला, आणि खरं सांगायचं तर तुझ्याशी वाद घालायला. समुद्र कसा खराब होईल? माझं माहेर कोकणातलं. मे महिन्यात अंगावर घामोळं आलं, खरूज उठली की आम्हाला समुद्रात नेऊन बुडवायचे. खारं पाणी सगळं खातं, आजी म्हणायची.

‘आमच्या घरीही हेच म्हणतात,’ तू म्हणालीस. ‘खोटं नाही ते. अर्धं आहे. मीठ मारतं, ऊनही मारतं. पण त्यांना वेळ लागतो. आणि नाला थांबतो का?’

मग तू मला तुझ्या प्रयोगशाळेत नेलंस. कॉलेज बंद, पंखा बंद, आणि तू एखाद्या सुगरणीने डबे उघडून दाखवावेत तशी त्या नळ्या दाखवत होतीस. जांभळट रंगाचं पाणी, त्यात उलटी बुडवलेली इवलीशी नळी. समुद्राच्या पाण्याचे थेंब त्यात घालायचे, अंगात ताप भरल्यासारख्या उबेत ठेवायचे आणि वाट बघायची. आतड्यातले जंतू असतील तर ते तिथे वाढतात, रंग पिवळा पडतो आणि त्या इवल्या नळीत बुडबुडा धरतो. मी विचारलं, हेच का ते कावीळ करणारे? तू म्हणालीस, नाही. ‘दारात चपला दिसल्या की घरात पाहुणे आहेत हे कळतं ना? हे चपला आहेत. पाहुणे कोण आलेत ते मला माहीत नाही, पण संडासातून आलेत एवढं नक्की.’ मी त्या दिवसापासून कोणाच्याही दारातल्या चपला बघून हसते. कालही तुमच्या दारात चपलांचा ढीग होता. हसू आलं नाही.

बाटली भरायची तुझी पद्धत मला अजून डोळ्यांसमोर दिसते. कंबरभर पाण्यात जायचं, कारण पोरं तिथेच डुंबतात. आपल्या पायांनी उठलेला गाळ मागे पडेपर्यंत थांबायचं. बूच काढायचं पण आतून बोट लावायचं नाही. बाटलीचं तोंड खाली करून बुडवायची आणि येणाऱ्या पाण्याच्या दिशेला वळवत भरायची. पूर्ण भरायची नाही, थोडी हवा ठेवायची. आणि लगेच बर्फात, अंधारात. मी एकदा बाटली उन्हात वाळूवर ठेवली तर तू कसली खेकसलीस माझ्यावर! ‘उन्हात ठेवलीस तर जंतू बाटलीतच मरतील. मग नळी म्हणेल पाणी छान. समुद्र नाही गं खोटं बोलत, आपण बोलायला लावतो त्याला.’ एवढ्याशा चुकीने कोणाचं तरी पोर आजारी पडू शकतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं.

पाटी लावायची कल्पना तुझी, मजकूर माझा. त्याआधी तू ज्या कचेरीत गेली होतीस तिथे तुला सांगितलं गेलं की तक्रार आली नाही, म्हणजे प्रश्न नाही. मग आपण धर्माकाकाच्या टपरीच्या खांबाला शाळेतला जुना फळा टांगला. तो टांगू देईल असं मला वाटलं नव्हतं. ‘लावा,’ तो म्हणाला. ‘माझ्या भेळेवरचा आळ तरी जाईल.’ मी खडू घेतला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘आज समुद्रस्नान प्रकृतीस अपायकारक आहे.’ आणि मागे सरकून बघत राहिले, काय सुंदर वाक्य झालंय म्हणून.

धर्माकाकाने एकेक अक्षर लावून वाचलं. ‘आंगोळ कोन करतंय, बाई? लोक डुंबायला येतात. आंगोळ ते घरी करून येतात.’

तू हसून हसून वाळूत बसलीस. मग फडक्याने माझं सुंदर वाक्य पुसलंस आणि लिहिलंस, ‘आज पाण्यात जाऊ नका. पोटं बिघडतील.’ आणि नियम ठरवलास. पाणी वाईट असलं की हे लिहायचं. बरं असलं की पाटी कोरी ठेवायची. कोरी पाटी म्हणजे खुशाल जा. तुझं म्हणणं, ‘पाणी चांगलं आहे’ असं आपण लेखी कधीच द्यायचं नाही, तेवढी आपली लायकी नाही.

मग मी आडवी गेले. मराठीची बाई आहे मी, मला राहवलं नाही. म्हटलं, मर्सी, तू बाटली भरलीस शुक्रवारी. नळ्यांनी उत्तर दिलं रविवारी. मग पाटीवर ‘आज’ कसं? हे भूतकाळाचं वाक्य आहे. ‘परवा पाणी वाईट होते’ असं लिही. नाहीतर तुझं शास्त्र खोटं बोलतंय.

तेव्हा तू म्हणालीस. ‘होते वाचून कोण थांबतं गं, सुनंदा? होते वाचून माणूस म्हणतो, बरं झालं, संपलं, आणि आत जातो.’

मी म्हटलं, लोक थांबावेत म्हणून खोटं लिहायचं? तू खडू खाली ठेवलास. मला वाटलं जिंकले. तुझी ही सवयच होती. भांडणात हरल्यासारखं दाखवायचं आणि घरी जाऊन त्यावर काम करत बसायचं.

काही दिवसांनी तू मला भल्या पहाटे किनाऱ्यावर बोलावलंस. बघते तर गोणीत सुके नारळ, आणि प्रत्येकाला लालभडक रंग. मर्सी, लग्न आहे का कोणाचं? ‘बघ तर,’ तू म्हणालीस. ओहोटी लागली होती. नाला जिथे वाळू फोडून समुद्राला मिळतो तिथे तू एकेक नारळ सोडलास आणि आपण दोघी वाळूवरून त्यांच्या बरोबरीने पळत सुटलो. नारळ आधी सरळ समुद्रात शिरले. मग पुढच्या वाळूच्या दांड्याला अडून डावीकडे वळले, किनाऱ्याला धरून वाहत गेले, आणि धर्माकाकाच्या टपरीसमोर, जिथे एसटीतून उतरलेले लोक पहिली उडी मारतात, बरोबर तिथे घुटमळायला लागले. ‘बघ,’ तू धापा टाकत म्हणालीस. ‘स्टेशनकडच्या बिल्डिंगांचं सगळं असं इथे येतं. भरतीला नारळ मागे फिरतील, नाल्यात शिरतील, म्हणजे तेव्हा इथलं पाणी बरं. आता मला नळीची वाट बघायला नको. भरती-ओहोटीचं पंचांग बघून मी आजच ‘आज’ म्हणू शकते.’ माझ्या एका खोडसाळ वाक्यावर तू एवढं केलंस. मला तेव्हा तुझा इतका अभिमान वाटला, आणि मी काय म्हटलं? ‘साडी बघ, पार चिखल झालीय.’

पण खरी गंमत पुढे झाली. त्यातले सात-आठ नारळ वाळूवर लागले आणि आपण उचलायचे विसरलो. लाल नारळ, किनाऱ्यावर, तेही अमावस्येच्या आसपास! गावात हां हां म्हणता बातमी पसरली की कोणीतरी भारी उतारा टाकलाय. कोळीवाड्यातली माणसं लांबून वळसा घालून जायला लागली. तुझ्या आळीतले लोकसुद्धा, मिस्सेला जाणारे, क्रूसाची खूण करून परत फिरले. दोन दिवस पाण्यात चिटपाखरू उतरलं नाही. पाटीवर लिहून लिहून आपला खडू झिजला होता, आणि हे काम नारळांनी फुकटात केलं. मला तर उकळ्या फुटत होत्या. मी म्हटलं, मर्सी, सोन्यासारखा उपाय सापडलाय! पाणी वाईट असेल त्या दिवशी चार नारळ टाकायचे, बस्स.

तू मात्र गोणी घेऊन एकेक नारळ वेचायला लागलीस. लोक बघत असताना, सगळ्यांसमोर, मुद्दाम. कोणी लांबून ओरडलं, हात नको लावूस गं पोरी, मरशील! तू नारळ डोक्यावर धरून दाखवलास. ‘रंग आहे, ऑइल पेंट! नाल्याचं पाणी कुठे जातं ते बघत होते!’ मला म्हणालीस, ‘भीती नको सुनंदा. कारण हवं. आज नारळाला भितील, उद्या भिणार नाहीत, मग?’ मी म्हटलं, उद्याचं उद्या बघू, आज पोरांची पोटं वाचतायत ना? आपण टपरीच्या बाकावर भांडलो. धर्माकाकाने दोघींपुढे भेळ ठेवली, ती तशीच भिजून गेली. तू गोणी उचलून घरी गेलीस. हे भांडणही मिटलं नाही. आपण फक्त तो विषय काढायचं बंद केलं.

त्यानंतरचा जो काळ गेला ना, मर्सी, तेवढाच मला मिळाला असं मी धरून चालते. पाटीला मान आला. रिक्षावाले नाक्यावरच सांगायचे, आज पाटी लिहिलीय, जाऊ नका. मुलं टपरीपाशी येऊन कोरी पाटी बघायची आणि आरडाओरडा करत पळत सुटायची. तरी तू नळ्या सोडल्या नाहीस. पंचांगाने सांगितलेलं नळीशी जुळतंय का, हे बघत राहायचीस. कुठे चुकलं की चिडचिड करायचीस. वळीव पडून गेला की पंचांग गुंडाळून ठेवायचीस, कारण पावसाने साचलेलं सगळं एकदम धुऊन येतं, मग भरती काय आणि ओहोटी काय. अशाच एका कोऱ्या पाटीच्या सकाळी तू मला पोहायला शिकवलंस. कोकणातली असून मला पोहता येत नाही याचा तुला कोण आनंद! पाठीखाली तुझा हात होता आणि तू म्हणत होतीस, ‘मान सोड. मराठीच्या बाईंनी मान सोडावी. पाणी धरतं.’ हात केव्हा काढलास मला कळलं नाही. मी तरंगत होते आणि कानात पाणी गेल्याने जग एकदम शांत झालं होतं. पन्नाशीकडे झुकलेली बाई मी, रडले. तू म्हणालीस खारं पाणी गेलं असेल डोळ्यात. हो, तेच गेलं होतं.

या सगळ्याबद्दल मी तुला कधी ‘थँक्यू’ म्हटलं नाही. म्हणाले असते तर तू म्हणाली असतीस, व्याकरणात बसतं का ते.

मग बिल्डिंगा वाढल्या. तुमच्या वाड्यांच्या कडेने, नालासोपाऱ्याच्या बाजूने, इकडून तिकडून. माणसं आली, त्यांनी कुठे जायचं? मीही अशीच एका फ्लॅटमध्ये राहायला आलेली, मी कोणत्या तोंडाने बोलणार. प्रत्येक फ्लॅटला संडास, आणि प्रत्येक संडासाचं पाणी शेवटी त्या एका नाल्यात. नाला आधी हिवाळ्यात बारीक व्हायचा, तो बारमाही झाला. भरतीच्या नळीतही बुडबुडे धरायला लागले. तुझं पंचांग जुळेना. वर लोडशेडिंग. उबेच्या पेटीतली ऊब जायची आणि आठवड्याची मेहनत पाण्यात. तू त्या पेटीला गोधडी गुंडाळून ठेवायचीस. कॉलेजातले लोक चेष्टा करायचे, टीचर, बाळ झोपलंय का?

गेल्या पावसाळ्यानंतर एकदा तू पाटीसमोर बराच वेळ उभी होतीस. मी म्हटलं, काय झालं? तू म्हणालीस, ‘पुसायची गरजच पडत नाही आता. महिना झाला, तेच वाक्य आहे. रोज तेच सांगणारी पाटी कोण वाचतं?’ लोकांनी खरंच वाचायचं सोडलं होतं. टपरीवर गर्दी, पाण्यात गर्दी, आणि मध्ये आपली पाटी. मी तुझ्या शेजारी उभी राहिले. तू म्हणालीस, ‘तरी मी बाटली भरणार.’ मी विचारलं, कशाला? तू उत्तर दिलं नाहीस. ते उत्तर काय होतं, मर्सी? मी रोज निरनिराळं बनवून बघते. एकही तुझ्यासारखं वाटत नाही.

शुक्रवारी सकाळी तू बाटली भरलीस. शनिवारी कॉलेजच्या जिन्यात कोसळलीस. मेंदूत रक्तस्राव, डॉक्टर म्हणाले, काही कळलंही नसेल. लोक याला सुख म्हणतात. तुला काही कळलं नाही असं एकदाही झालेलं मी पाहिलं नाही, आणि तेवढ्याच वेळी व्हावं?

तुझ्या त्या शेवटच्या नळ्या पेटीत होत्या. दफनानंतर चौथ्या दिवशी मला भान आलं आणि मी कॉलेजात धावले. रिकाम्या, घासून-पुसून पालथ्या घातलेल्या. ज्यांनी धुतल्या त्यांचा दोष नाही, परीक्षा आल्या होत्या, नळ्या हव्या होत्या. मी विचारलं, त्यात बुडबुडा होता का? रंग पिवळा झाला होता का? त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. कोणीच बघितलं नव्हतं. तू शेवटचं जे पाणी हातात धरलंस ते कसं होतं, हे आता कधीच कळणार नाही.

काल मिस्सेनंतर मावशींनी मला आत बोलावलं. तुझी आई महिन्याभरात एवढीशी झालीय गं. पोटमाळ्यावरून काढलेला एक लाल नारळ त्यांनी माझ्या हातात दिला. गोणीतले बाकीचे कुठे गेले देव जाणे. ‘हा तूच ने, सुनंदा,’ त्या म्हणाल्या. ‘सामान काढणारे याला हात लावायला घाबरतात. माझ्या पोरीच्या वस्तूला कोणी असं घाबरलेलं मला बघवत नाही.’

आणि आज रविवार. आज सकाळी मी नारळ पिशवीत घालून किनाऱ्यावर गेले. तू गेल्यावर पहिल्यांदा.

मर्सी, पाटी कोरी आहे.

खाऱ्या वाऱ्याने खडू उडून गेलाय. तुझं अक्षर ‘पोटं’पाशी थोडंसं दिसतं, बाकी काही नाही. आणि कोरी पाटी म्हणजे खुशाल जा, हे आपणच सगळ्यांना शिकवलं. पाण्यात ही गर्दी! धर्माकाका आता पार थकलाय, मला बघून त्याने डोळे पुसले. ‘बाई, मला इचारतात. मी म्हनतो पाटी कोरी हाय. दुसरं काय सांगू? पानी बगनारी गेली.’

मी खडू घेतला आणि लिहिलं, ‘आज पाण्यात जाऊ नका. पोटं बिघडतील.’ शब्द न् शब्द तुझा. एक बाई दोन मुलींना घेऊन उभी होती, तिने वाचलं आणि चांगल्या शब्दांत विचारलं, ‘मॅडम, टेस्टिंग झालंय का? कोणी सांगितलं?’ बाटली नाही, नळी नाही, पंचांगही तू शेवटी टाकून दिलं होतंस. कारण हवं, तू म्हणाली होतीस. माझ्याकडे कारण नव्हतं, मर्सी, नुसतं वाक्य होतं. मी म्हटलं, ‘माझी मैत्रीण तपासायची.’ माझ्याच तोंडून आलं ते, भूतकाळात. ‘अच्छा, पहिले खराब होतं,’ ती म्हणाली, मुलींना हाताशी धरलं आणि पाण्याकडे गेली.

मग मी ते केलं ज्यावरून आपण भांडलो होतो. ओहोटी लागली होती. मी नाल्याच्या तोंडापाशी गेले. नाक धरून उभी राहिले आणि तुझा लाल नारळ सोडला. लाज सोडून सांगते, मला पाण्यातले लोक घाबरायला हवे होते. निदान आजच्यापुरते. कारण-बिरण राहू दे, किंचाळून बाहेर पळू देत, असं म्हणत मी वाळूवरून त्याच्या बरोबरीने चालत निघाले. पळायला आता जमत नाही, आणि शेजारी कोणी धापाही टाकत नव्हतं.

नारळ सरळ आत शिरला. दांड्याला अडला. डावीकडे वळला. जरासुद्धा इकडे-तिकडे नाही, तू बोटाने दाखवलेल्या रेघेवरून चालल्यासारखा टपरीसमोर आला आणि त्या गर्दीच्या मधोमध घुटमळायला लागला. टपरीतून धर्माकाकाने तेवढे हात जोडले. बाकी कोणी घाबरलं नाही. त्या दोन मुलींतल्या धाकटीने ‘बॉल, बॉल!’ म्हणून झडप घातली, डोक्यावरून थोरलीकडे फेकला, तिने आणखी कोणाकडे. पाणी उडत होतं, त्यांच्या तोंडात जात होतं, आणि त्या हसत होत्या.

मी कितीतरी हाका मारल्या. लाटांच्या आवाजात त्यांना ऐकू आल्या नाहीत.

मांडवात न बोललेलं तिसरं वाक्य हे आहे, आणि ते मी वर्तमानकाळातच लिहिणार, काय व्हायचं ते होऊ दे. तू बरोबर आहेस, मर्सी. नाल्याचं पाणी अजून तिथेच जातं.

तुझी,
सुनंदा